तिरंग्याच्या रंगांचा अर्थ विचारता ना, मग आधी साल विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मनीषनगरच्या तुमच्या सोसायटीत १५ ऑगस्टला गेटजवळ एक मोठा फ्लेक्स लावायचाय, त्यावर "आपल्या झेंड्याच्या रंगांचा अर्थ" असं छापायचंय, आणि ग्रुपवर तीन दिवसांपासून भांडण चालू आहे. एक काका म्हणतात केशरी म्हणजे हिंदू, हिरवा म्हणजे मुसलमान, पांढरा म्हणजे बाकीचे. दुसरे म्हणतात असं काही नसतं हो, शाळेत शिकवलं तेच खरं, त्याग-शांती-समृद्धी. तिसऱ्यांनी चक्राच्या चोवीस आऱ्यांचे चोवीस गुण असलेली लांबलचक फॉरवर्ड टाकून दिली. आणि शेवटी तुम्ही विचारलं की झेंडा पॉलिस्टरचा चालतो का खादीचाच लागतो.

मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही. नागपुरात खादीच्या दुकानात काउंटरवर २६ वर्षं काढली, आणि जुलै-ऑगस्ट आला की दुसरं काही विकत नाही, फक्त झेंडे आणि झेंड्यांवरचे प्रश्न. शाळेचे शिपाई येतात, सरकारी ऑफिसचे बाबू येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात, आणि काहून कोण जाणे, पण पैसे देता देता प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच की भाऊ, हा रंग कशाचा? पहिली पाच-सहा वर्षं मी पण शाळेतलंच उत्तर ठोकून द्यायचो. मग एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मला काउंटरवरच उभं आडवं घेतलं, म्हणे "कोणत्या सालच्या झेंड्याबद्दल सांगून राहिला तू?" तेव्हापासून वाचायला लागलो.

तर तुमचा खरा प्रॉब्लेम असा आहे की तुमच्या ग्रुपवरचे पहिले दोघंही खोटं बोलत नाहीयेत, ते वेगवेगळ्या सालातल्या झेंड्याबद्दल बोलून राहिलेत आणि दोघांनाही वाटतं की झेंडा एकच होता. रंगाचा अर्थ कापडात विणलेला नसतो ना, तो माणसांनी बसून ठरवलेला असतो, आणि आपल्या झेंड्याचा अर्थ तर माणसांनी भांडून, मीटिंगा घेऊन, मुद्दामून बदललेला आहे.

१९२१ पासून सुरू करू. त्याच्या आधीचेही झेंडे आहेत. १९०७ मध्ये मादाम कामांनी जर्मनीत श्टुटगार्टला फडकवलेला, हिरवा-केशरी-लाल, वर आठ कमळं आणि मधे देवनागरीत वंदे मातरम्, तो पुण्याला केसरीवाड्यात ठेवलेला आहे, गेलात तर पाहून या. मग होमरूलवाल्यांचा वेगळाच होता. पण आजच्या झेंड्याची सरळ रेघ निघते ती १९२१ च्या बेझवाड्याहून, म्हणजे आताचं विजयवाडा. तिथं काँग्रेसच्या बैठकीच्या वेळी पिंगली व्यंकय्या नावाच्या आंध्रच्या माणसानं गांधीजींना एक झेंडा दाखवला, त्यात दोनच रंग होते, लाल आणि हिरवा. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची, आणि पांढरा पट्टा गांधीजींनी टाकायला सांगितला. म्हणून "झेंडा अमुक एकानं बनवला" असं एका ओळीत फ्लेक्सवर लिहू नका, व्यंकय्यांचा मान मोठाच आहे पण आजचा झेंडा चार-पाच हातांतून गेलेला आहे.

आणि तेव्हा गांधीजींनी स्वतः लिहून अर्थ सांगितला होता की लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्या धर्मांचा. म्हणजे तुमचे पहिले काका बरोबर झाले! फक्त साल १९२१ आणि रंग लाल, केशरी नाही. पट्ट्यांचा क्रमही वेगळा होता, वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल. का? तर संख्येनं जे सगळ्यात कमी ते सगळ्यात वर, आणि जे सगळ्यात जास्त त्यांनी खाली राहून बाकीच्यांना पेलायचं. मला हा भाग फार आवडतो, झेंड्याच्या नुसत्या क्रमात इतकं बसवलं होतं आणि आज कोणाला माहीतही नाही.

आता आपल्या गावाचा विषय, आणि ताई, तुमच्या फ्लेक्सवर हा नसेल तर नागपूरच्या सोसायटीनं फ्लेक्स लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. सुरुवात जबलपूरला मार्चमध्ये झाली, तिथं नगरपालिकेवर लावलेला झेंडा इंग्रज अधिकाऱ्यानं उतरवला त्यावरून. पण पेटलं ते नागपुरात. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, सिव्हिल लाईन्समध्ये सगळे गोरे साहेब राहायचे, आणि १३ एप्रिलला, म्हणजे जालियनवाला बागेच्या दिवशी, झेंडा घेऊन तिकडं निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडवली. मग १ मेपासून रोज तुकड्या निघायच्या, हातात झेंडा, तोंडात घोषणा, आणि सिव्हिल लाईन्सच्या तोंडाशी अटक. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. पुढारी होते वर्ध्याचे जमनालाल बजाज, त्यांना जूनमध्ये आत टाकलं तर गुजरातेतून वल्लभभाई पटेल आले आणि त्यांनी काम हातात घेतलं. विनोबा यात जेलमध्ये गेले. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनाही इथंच अटक झाली. हजारावर माणसं आत गेली, गुजरात, कर्नाटक, बिहार कुठून कुठून रेल्वेनं येऊन नागपुरात अटक करून घ्यायची. शेवटी १८ ऑगस्टला झेंडा घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाईन्समधून पार गेली आणि कोणी अडवलं नाही.

हे सगळं ज्या झेंड्यासाठी झालं त्यात केशरी रंगच नव्हता! पांढरा-हिरवा-लाल आणि चरखा. मी हे दुकानात सांगतो ना तर लोक डोळे मोठे करतात. आज आपण सिव्हिल लाईन्समधून बाईकवर भुर्रकन जातो, त्याच रस्त्यावर झेंडा धरून चार पावलं चालणं हा गुन्हा होता, आणि तो झेंडा आजच्या पोट्ट्यांना दाखवला तर ते म्हणतील की हा कोणत्या परक्या देशाचा आहे. म्हणून म्हणतो, साल विचारा.

पुढं काय झालं की धर्माप्रमाणं रंग वाटले की जे होतं तेच झालं, मग आमचा रंग कुठं आहे, असं शीख मंडळी विचारायला लागली, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. १९३१ मध्ये कराचीला काँग्रेसनं सात जणांची झेंडा कमिटी नेमली. पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, आपले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. या कमिटीनं काय सुचवलं माहीत आहे? सगळा झेंडा एकाच केशरी रंगाचा, कोपऱ्यात तांबूस-तपकिरी चरखा. बस. रंगच एक तर भांडण कशाचं! पण ते ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत मान्य झालं नाही, आणि तिथं ठरला तो केशरी, पांढरा, हिरवा, मधल्या पट्ट्यावर निळा चरखा. लाल गेला, केशरी आला, क्रम बदलला. आणि त्याच ठरावात स्पष्ट घातलं की रंगांचा धर्मांशी संबंध नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. म्हणजे तुमचे दुसरे काका बरोबर झाले, १९३१ पासून पुढं. अर्थात "समृद्धी" त्या यादीत नव्हती, ती नंतर पाठ्यपुस्तकांतून शिरली असावी असा माझा अंदाज, पण त्यावरून काकांशी भांडू नका.

थोडं बाजूला जातो. हे हर्डीकर आणि त्यांची हुबळीची पोरं १९२३ ला नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जेलमध्ये होती, आणि माफी मागून सुटायला तयार झाली नाहीत, त्यातूनच पुढं काँग्रेसचं सेवा दल निघालं. आणि आज देशभरच्या सरकारी इमारतींवर जो प्रमाणित खादीचा झेंडा जातो तो मोठ्या प्रमाणावर बनतो कुठं? हुबळीच्या बेंगेरीत, कर्नाटक खादी संघाच्या कारखान्यात. हा निव्वळ योगायोग आहे, मला माहीत आहे, पण गठ्ठा सोडताना मला दर वेळी आठवतो.

आता १९४७. २२ जुलैला संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला आणि दोन झेंडे सभेपुढं धरले, एक रेशमी खादीचा, एक सुती खादीचा. त्या ठरावाचा मजकूर मी वाचला तेव्हा मला पहिला धक्का बसला की त्यात रंगांचा अर्थ एका शब्दानंही दिलेला नाही. गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा, तिन्ही पट्टे सारखे, मधे नेव्ही ब्लू चक्र, रुंदी-लांबीचं प्रमाण २:३, संपलं. भगवा का केशरी यावर तुमच्याकडं वाद असेल तर ठरावात इंग्रजी शब्दाच्या पुढं कंसात "केसरी" असंच लिहिलेलं आहे. आणि दुसरा धक्का असा की चक्र "चरख्याचं प्रतीक म्हणून" आहे असं तिथं लिहिलंय, फक्त त्याची आकृती सारनाथच्या अशोकाच्या सिंहस्तंभावरच्या चक्राची. म्हणजे "चरखा काढला आणि चक्र घातलं" हे अर्धंच खरं, कागदोपत्री चक्राच्या पोटात चरखा आहेच. गांधीजींना मात्र हे काही फारसं रुचलं नव्हतं.

चरखा का बदलला याचं नेहरूंनी सांगितलेलं एक कारण मला धंद्यातला माणूस म्हणून एकदम पटतं. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, आणि चरख्याला एकीकडं चाक, दुसरीकडं चाती, मागून पाहिलं की सगळं उलटं. चक्र कुठूनही पाहा, चक्रच. आम्ही आजही माल आला की पहिली हीच गोष्ट तपासतो, चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण उमटलंय का, का एकीकडं ठसठशीत आणि मागं नुसती सावली.

चोवीस आऱ्यांच्या चोवीस गुणांबद्दल. ठरावात चोवीस गुण नाहीत, ध्वजसंहितेत, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमांत पण नाहीत. चोवीस आहेत कारण सारनाथच्या चक्राला चोवीस आहेत, इतकं साधं आहे ते. आपल्या नागपुरात दीक्षाभूमी आहे, इथं चक्र पाहिलं की हजारो लोकांच्या मनात धम्मचक्रच येतं, आणि ते चूक कसं म्हणाल, सारनाथ म्हणजे बुद्धांनी पहिला उपदेश दिला ती जागा, चक्र आलंच तिथून. झेंड्यासाठी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली जी समिती बसली तिच्यात बाबासाहेबही होते. कोणी चोवीस आऱ्यांत बौद्ध धम्मातली बारा निदानं, म्हणजे दुःखाच्या कारणांची साखळी, बारा सुलटी आणि बारा उलटी अशी मोजतात, कोणी प्रेम-शौर्य-संयम अशी यादी लावतात. श्रद्धेनं लावलेला अर्थ श्रद्धा म्हणून ठेवावा, माझी हरकत नाही, फक्त फ्लेक्सवर "सरकारने ठरवलेले चोवीस अर्थ" असं छापू नका.

मग फ्लेक्सवर काय? त्याच दिवशी, २२ जुलैलाच, सभेत राधाकृष्णन बोलले होते आणि ध्वजसंहितेच्या सुरुवातीला त्यांचंच स्पष्टीकरण दिलेलं आहे, त्यामुळं अधिकृतच्या सगळ्यात जवळचं म्हणाल तर ते. केशरी म्हणजे निरिच्छपणा, पुढाऱ्यांनी स्वतःचा फायदा न पाहता काम करावं हा. (हे वाक्य फ्लेक्सवर मोठ्या टायपात छापा अशी माझी वैयक्तिक विनंती.) पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याचा रस्ता. हिरवा म्हणजे आपलं मातीशी, झाडाझुडपांशी असलेलं नातं. चक्र म्हणजे धर्माचा, म्हणजे नियमाचा मार्ग, आणि गती, थांबलं की मेलं, चाललं तर जिवंत. पाहा, इथं हिरव्याचा अर्थ १९३१ पेक्षा पुन्हा वेगळा आला. मी तुमच्या जागी असतो तर तीन रकाने केले असते, १९२१, १९३१, १९४७, प्रत्येकात त्या त्या वेळच्या झेंड्याचं चित्र आणि त्या वेळी सांगितलेला अर्थ, आणि खाली एक पट्टी नागपूर १९२३ ची. दोन्ही काकांना आपापला रकाना मिळेल. भांडण थांबेल का सांगता येत नाही, काकांवर अवलंबून आहे.

छापताना एक सांभाळा. झेंड्याच्या अंगावर अक्षरं नकोत. लोक काय करतात की तिरंगा पूर्ण फ्लेक्सभर पसरवतात आणि वर सोसायटीचं नाव, अध्यक्षांचा फोटो, खाली बिल्डरची जाहिरात. झेंड्यावर कोणतंही अक्षर टाकायचं नाही आणि जाहिरातीसाठी झेंडा वापरायचा नाही असा नियम आहे, ध्वजस्तंभाला पण कोणाचा बोर्ड बांधता येत नाही. चित्र छोटं ठेवा, मजकूर बाजूला पांढऱ्यावर.

पॉलिस्टर चालतो. आधी चालत नव्हता, ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला, आता सुती, पॉलिस्टर, लोकरी, रेशमी, खादी, हातमागाचा किंवा मशीनचा, सगळे चालतात. खादी विकणारा माणूस हे सांगून राहिला म्हणजे खरं समजा. कोणता घ्यायचा हे मात्र तुम्ही काय करणार त्यावर आहे. १५ ऑगस्टला सकाळी वंदन करून संध्याकाळी उतरवणार असाल तर खादीच घ्या, त्याचा पडण्याचा झोक वेगळाच असतो, रंग पण अंगावर येत नाही. पण महिनाभर गच्चीवर ठेवणार असाल तर ऑगस्टमधल्या आपल्या पावसात खादी भिजून जड होते, पोलला ओल्या टॉवेलसारखी चिकटून बसते, तिथं पॉलिस्टर बरा. २०२२ पासून घरांवर रात्रीही ठेवता येतो, पूर्वी सूर्यास्ताला उतरवावाच लागायचा. फक्त कोणताही घ्या, वाऱ्यानं टोकाकडून धागे सुटायला लागले की बदला, फाटका झेंडा लावणं चूकच. आणि जुना कचरागाडीत नाही, तो एकांतात, पूर्णच्या पूर्ण, मानानं जाळून नष्ट करायचा. कागदी झेंडे दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसतात ते मुलांनाच गोळा करायला लावा.

साइज ठरलेले आहेत, वाट्टेल तसा शिवलेला घेऊ नका. भारतीय मानकांत पहिला नंबर, आयएस १, झेंड्याचाच आहे! सोसायटीच्या पोलला साधारण ९००×६०० मिलिमीटर किंवा १३५०×९०० बसतो, तुमचा पोल किती उंच ते तुम्ही लिहिलं नाही, पंधरा फुटाच्या आत असेल तर छोटाच घ्या. ९००×६०० मध्ये चक्र १८५ मिलिमीटरचं असतं, टेप लावून पाहा, आणि घ्यायच्या आधी आऱ्या मोजा. हसू नका. एकदा एका शाळेनं बाहेरून स्वस्तात आणलेला झेंडा मला दाखवायला आणला, काहीतरी वेगळं दिसते पण कळत नाही म्हणाले. मोजल्या तर बावीस.

आणि उलटा लागू नये म्हणून. माझ्या उमेदवारीच्या काळात मीच विकलेला झेंडा एका कार्यक्रमात हिरवा वर करून चढला होता, मी समोरच उभा, घाम फुटला. तिथं कोणाचा हेतू वाईट नव्हता, घडी घालणाऱ्यानं दोरीची टोकं बदलली होती. झेंड्याच्या कडेला जी जाड कापडाची पट्टी असते तिच्यातून दोरी जाते, केशरी बाजूला लाकडी गुल्ली किंवा फासा असतो, तो वरच्या दोरीला जायला पाहिजे, इतकंच पाहायचं. आणि १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, २६ जानेवारीला वर बांधून ठेवलेला दोरी ओढून उलगडतात, तुमच्याकडं दोन्ही वेळा फुलं भरून वरच बांधतात असं दिसते, फुलं चालतात, पण गाठ सरकगाठच मारा, नाहीतर पाहुणे दोरी ओढत बसतात आणि लोक व्हिडिओ काढत बसतात.

१४ तारखेला संध्याकाळी एकदा रिकामी दोरी वरपर्यंत ओढून पाहा. वर्षभर न वापरलेल्या पोलच्या पुलीत गंज असतो, आमच्या इथं तर एकदा चिमणीनं काड्या आणून ठेवल्या होत्या.